भुशाच्या कांड्यांची चूल : बसवावी कशी, वापरावी कशी

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमात कृषी विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी बियाण्याबद्दल बोलणार नाही, खताबद्दलही नाही. आज बोलायचं आहे चुलीबद्दल. तुम्ही म्हणाल, शेतीखात्याच्या माणसाला चुलीत डोकावायचं काय कारण? एक कारण असं, की या चुलीत जे जळतं ते आपल्याच शेताशिवारातून येतं : पऱ्हाटी, तुराटी, भुईमुगाची टरफलं, लाकडाचा भुसा. दुसरं कारण माझ्या स्वतःच्या अनुभवाचं आहे. अशीच एक चूल मी उभं राहून बसवून दिली होती आणि त्यात माझ्या हातून मोठी चूक झाली. ती आधी सांगतो, मग बाकीचं.

एक विनंती. हे भाषण घरच्या कारभाऱ्यानं ऐकावं आणि कारभारणीनंही ऐकावं. आपल्याकडे चूल विकत आणतो एक आणि तिच्यापुढे बसतं दुसरं. माहिती मात्र दोघांनाही हवी.

माझी चूक

निफाडकडची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. पौषातल्या पहाटे द्राक्षबागांना कडाक्याच्या थंडीपासून वाचवायला शेकोट्या पेटवाव्या लागतात. २०१९ च्या डिसेंबरात त्या बाजूच्या एका वस्तीवर कांड्यांची चूल बसवायची होती. घर कौलारू. धुराची नळी कौलांतून वर काढायची, तर चार-सहा कौलं उतरवावी लागणार होती आणि गवंडी दोन दिवस मिळणार नव्हता. मी म्हटलं, ‘‘कशाला कौलं हलवता? नळी भिंतीतून बाहेर काढू आणि वळचणीखाली सोडून देऊ.’’ तसं केलं. चूल पेटली, धूर बाहेर गेला, घरची मंडळी खूश झाली. मीही चहा घेऊन निघालो.

पंधरा दिवसांनी भल्या पहाटे फोन आला. आदल्या रात्री थंडी फार होती. स्वयंपाक उरकल्यावर चुलीचा पंखा बंद केला होता, पण आत निखारे तसेच होते. ऊब बरी म्हणून आजी आणि सहा वर्षांचा नातू स्वयंपाकघरातच झोपले. दार लावलेलं, खिडकीत पोतं कोंबलेलं. पहाटे नातवाला उलट्या सुरू झाल्या आणि आजी हाका मारल्या तरी ओ देईनात. घरच्यांनी प्रसंगावधान राखून दोघांना उचलून अंगणात आणलं आणि तसंच दवाखान्यात नेलं. तिथं प्राणवायू दिला. दोघंही वाचली.

त्या रात्री खोलीत जाळ नव्हता, धूरही नव्हता. होते ते फक्त निखारे. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. माणूस झोपेत असला तर त्याला पत्ताही लागत नाही. बरं, नळी वळचणीखाली सोडलेली. थंड रात्री ती वर ओढ घेईना, उलट बाहेरचा वारा आत ढकलू लागली. म्हणजे वायू बाहेर जाण्याची वाट मी अर्धवट ठेवली होती आणि पोत्यानं उरलेली वाट बंद केली.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. तो कारभारी मला एक शब्दही वाकडा बोलला नाही. एवढंच म्हणाला, ‘‘साहेब, चूल चांगली आहे. पण हे एवढं सांगायचं तुमच्याकडून राहिलं.’’

ते राहिलेलं सांगण्यासाठी आजचं हे भाषण आहे.

ही चूल म्हणजे काय?

दुभत्या जनावरांना आपण गोळी पेंड घालतो, ती तुम्ही पाहिली आहे. साधारण तशाच दिसणाऱ्या, करंगळीपेक्षा बारीक कांड्या भुशाच्याही करतात. शेतातला काडीकचरा वाळवायचा, बारीक करायचा आणि यंत्रात जोरानं दाबायचा. त्यांनाच बाजारात ‘पेलेट’ म्हणतात. कांडी साधारण ६ ते ८ मिलिमीटर जाड असते आणि चांगल्या कांडीत ओल १० टक्क्यांच्या आत असते.

चूल म्हणजे लोखंडी डबा. तळाशी जाळी, बाजूला छोटा पंखा. पंख्याची थोडी हवा जाळीखालून जाते आणि बाकीची वरच्या काठाजवळच्या भोकांतून आत येते. कांड्या डब्यात भरून वरून पेटवायच्या. आग वरून खाली सरकत जाते. खालच्या कांड्या तापून त्यांतून धूर निघतो, पण तो वर येतो तेव्हा काठाजवळच्या हवेत सापडून जळून जातो. धूर म्हणजे तरी काय, न जळता वाया गेलेलं सरपणच. ते इथं भांड्याखाली कामाला येतं.

म्हणून तीन दगडांच्या चुलीपेक्षा हिला सरपण कमी लागतं. भारतीय मानक १३१५२, भाग १, हे २०१३ साली ठरलं. त्याप्रमाणे पंख्याच्या चुलीची उष्णता वापरण्याची क्षमता कमीत कमी ३५ टक्के हवी. तीन दगडांच्या चुलीत शंभरातली दहा-पंधरा टक्के उष्णताच भांड्याला लागते, बाकीची वाऱ्यावर जाते. चूल घेताना दुकानदाराला या मानकाच्या चाचणीचा दाखला विचारा. विचारायला लाजू नका. बियाण्याच्या पिशवीवरचं लेबल आपण वाचतो, तसंच हे.

धूर कमी झाला म्हणजे फायदा कुणाचा? जिचा सगळा जन्म फुंकणी हातात धरून गेला तिचा, आणि तिच्या मांडीवरच्या लेकराचा. घरातल्या धुरामुळे होणाऱ्या आजारांनी २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पण नीट ऐका : ही चूल धूर कमी करते, विषारी वायू पुरता नाहीसा करत नाही. ज्याला धूर दिसत नाही तो गाफील राहतो, आणि धोका तिथंच आहे.

घेण्याआधी हिशेब करा

चूल आणण्याआधी कांड्या कुठून येणार ते बघा. हा धडा जुना आहे. २००६ पासून बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधनावर आधारलेली पंख्याची चूल महाराष्ट्र, कर्नाटक, तामिळनाडूच्या खेड्यांत मोठ्या संख्येनं विकली गेली. चूल चांगली होती. पण पुढे कच्च्या मालाचे भाव चढले, कांड्या महागल्या आणि खेड्यांतला पुरवठा आटला. कित्येक घरांत त्या चुली माळ्यावर गेल्या. आता तर २०२१ च्या सरकारी धोरणामुळे औष्णिक वीजकेंद्रांतही कोळशाबरोबर अशा कांड्या जाळतात. तेव्हा कारखानदार मोठ्या गिऱ्हाइकाकडे वळणार, हे ओळखून असा. गावातल्या दहा-वीस घरांनी मिळून, किंवा शेतकरी गटानं वर्षभराचा पुरवठा बोलून ठेवला तर बरं.

भावाचा हिशेब असा. गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. एक किलो गॅसमध्ये साधारण ११,००० किलोकॅलरी उष्णता असते, तर एक किलो कांड्यांत ३,५०० ते ४,०००. शिवाय गॅसच्या शेगडीत उष्णता कमी वाया जाते. हे सगळं धरलं तर एका सिलिंडरचं काम करायला सुमारे ७५ किलो कांड्या लागतात. आता सिलिंडर घरपोच जेवढ्याला पडतो, त्याला ७५ नं भागा. समजा सिलिंडर ९०० रुपयांना पडला, तर ९०० भागिले ७५, म्हणजे १२ रुपये. घरपोच कांडी किलोला १२ रुपयांच्या खाली मिळाली तरच पैशात फायदा.

आणि गॅस असेल तर तो सोडू नका, हे माझं स्पष्ट मत आहे. रोजच्या चहाला, भाजीला गॅसच बरा. २०१६ च्या उज्ज्वला योजनेपासून सिलिंडर पुष्कळ घरांत पोचला, तरी अंघोळीचं पाणी, गुरांचं आंबोण आणि मोठ्या कुटुंबाच्या भाकऱ्या अजून चुलीवरच होतात. त्या धुराच्या चुलीच्या जागी ही चूल आणा.

कापूस पिकवणाऱ्यांना एक जादा सांगतो. पऱ्हाट्या बांधावर, घरामागे रचून ठेवल्या, की त्यांच्या राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या हंगामात पुन्हा शेतात उतरते. वेचणी संपली की पऱ्हाटी उपटून तिचा बारीक भुगा करणं हा अळीवरचाही उपाय आहे. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं पऱ्हाटीपासून कांड्या करण्यावर काम केलेलं आहे. उसाचं पाचट मात्र चुलीसाठी विकू नका. ते रानातच कुजवा, जमिनीला त्याची गरज जास्त आहे.

कांडी पारखायची कशी?

मूठभर कांड्या हातात घ्या. हाताला भुगा फार लागला तर माल हलका. कांडी मोडून पाहा, कट्‌कन मोडली पाहिजे. वाकली किंवा चुरली तर ओल आहे. एक कांडी पाण्यात टाका. चांगली दाबलेली कांडी बुडते आणि थोड्या वेळानं फुगून विरघळते. तरंगली तर नीट दाबलेली नाही. रंग लावलेल्या किंवा प्लायवूडच्या भुशाची कांडी घरात जाळू नका, तिचा धूर विषारी असतो.

पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. पावसाळ्यात वरून प्लॅस्टिकचा कागद टाका. एकदा पाणी लागलेल्या कांड्यांचा भुसा होतो, पुन्हा कांडी होत नाही. आणखी एक : ही पोती गोळी पेंडीच्या पोत्यांशेजारी ठेवू नका. अंधारात, घाईत चुकून जनावरापुढे पडायच्या. पोत्यावर गेरूनं मोठी खूण करा.

चूल बसवायची जागा

बाजारात दोन तऱ्हा मिळतात. एक उचलून ठेवायची लहान चूल, तिला धुराची नळी नसते. ती पडवीत, अंगणात किंवा मोठ्या उघड्या खिडकीखालीच वापरावी. बंद खोलीत कधीच नाही. दुसरी ओट्यात बसवायची, मागं नळी असलेली. तिच्याबद्दल सविस्तर सांगतो.

पहिलं, तळ. चुलीखाली दगडी फरशी किंवा विटांचा थर हवा. चुलीपुढेही दीड फूट फरशी असावी, म्हणजे उडालेली ठिणगी सारवलेल्या जमिनीवर, पोत्यावर, पाटावर पडणार नाही. लाकडी पाटावर किंवा फळीवर चूल ठेवू नका. चूल डगमगता कामा नये. वर पाण्यानं भरलेलं पातेलं बसणार आहे, हे लक्षात ठेवा.

दुसरं, अंतर. कूड, लाकडी दार, तुळई, कपड्यांची दांडी, सरपणाचा ढीग, कांड्यांचं पोतं, हे सगळं चुलीपासून किमान तीन फूट दूर. गॅसची शेगडी आणि सिलिंडर या चुलीशेजारी एका ओट्यावर नको. गॅस दुसऱ्या बाजूला, शक्य तर दुसऱ्या खोलीत.

तिसरं, हवा येण्याची वाट. चूल हवा खाते आणि माणूसही हवा खातो. दोघांना पुरेल एवढी हवा यायला नको का? भिंतीत खालच्या बाजूला एक वीत रुंद आणि दोन वीत लांब झरोका ठेवा. उंदीर येऊ नयेत म्हणून जाळी लावा, पण झडप लावू नका. झडप असली की थंडीत ती लागणारच. माझ्या त्या घरात झडप नव्हती, तर पोतं आलं.

धुराची नळी

आता नळी. चूल बाजारातून आयती येते. नळी मात्र गावात, आपल्या हातानं बसते, म्हणून चूक तिथं होते. १९८३ साली केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा कार्यक्रम सुरू केला, तो २००२ पर्यंत चालला. तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना त्या निर्धूर चुली आठवत असतील. पुष्कळ ठिकाणी नळ्या काजळीनं बुजल्या किंवा फुटल्या, त्या कुणी झाडल्या नाहीत, बदलल्या नाहीत, आणि चूल पुन्हा धूर ओकायला लागली.

नळी जस्ती पत्र्याची, साधारण चार इंच व्यासाची घ्या. चुलीच्या कंपनीनं वेगळं माप सांगितलं असेल तर ते पाळा, त्याहून बारीक नळी लावू नका. नळी होईल तेवढी सरळ वर न्या. प्रत्येक वळणावर धुराची ओढ कमी होते. आडवी नळी हातभरापेक्षा जास्त नको, आणि तीही वर चढती हवी.

नळीचं टोक आढ्यापेक्षा दोन-तीन फूट वर गेलं पाहिजे. वळचणीखाली सोडू नका, आढ्याच्या खाली सोडू नका. आढ्यावरून वाहणारा वारा खाली गिरकी घेतो आणि धूर परत नळीत ढकलतो. टोकाला पावसाची टोपी बसवा, पण टोपी आणि नळी यांत चार-सहा बोटं अंतर ठेवा.

नळीचे तुकडे जोडताना वरच्या नळीचं टोक खालच्या नळीच्या आत बसवा. उलटं बसवलं तर आतला डांबरासारखा काळा रस सांध्यातून बाहेर गळतो आणि भिंत काळी करतो. नळीच्या तळाशी झाकणाचं तोंड ठेवा, तिथून काजळी काढता येते.

नळी लाकडापासून दीड फूट दूर हवी. आढं, वासा, रीप, सगळ्यांपासून. एवढं अंतर मिळत नसेल तर मध्ये पत्रा लावा, पण पत्रा लाकडाला चिकटवू नका, बोटभर फट सोडा, म्हणजे हवा खेळते. कौलांतून नळी जाते तिथं कौलांऐवजी पत्रा बसवा. छप्पर गवताचं असेल तर मी स्पष्ट सांगतो : ही चूल त्या छपराखाली बसवू नका. वेगळ्या पत्र्याच्या पडवीत बसवा.

बसवून झाल्यावर परीक्षा घ्या. चूल पेटवण्याआधी नळीच्या खालच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर नळी बरोबर. धूर तोंडावर परत आला तर चूल पेटवू नका, आधी नळी दुरुस्त करा. माझ्या पहिल्या वेळी मी ही उदबत्ती दुपारच्या उन्हात धरली होती. तुम्ही पहाटे धरा, आणि एकदा वारा असताना धरा.

पेटवायची कशी?

आधी दार-खिडकी उघडा. मागच्या वेळची राख काढा. कांड्या वरच्या भोकांच्या दोन बोटं खालपर्यंतच भरा. भोकं बुजली की धूर झालाच. लहान चुलीत साधारण अर्धा-पाऊण किलो कांड्या मावतात आणि तासभर जळतात.

वर दोन-चार वाळक्या काटक्या, चिपाडाचा तुकडा ठेवून काडी लावा. रॉकेल, पेट्रोल, डिझेल ओतायचं नाही, गरम चुलीत तर मुळीच नाही. जाळ धरला की पंखा कमीवर सुरू करा. दोन-तीन मिनिटांत वरच्या भोकांपाशी जाळाचं कडं धरतं. ते धरलं की भांडं ठेवा आणि पंखा हवा तेवढा वाढवा.

पेटवताना पदर खोचून घ्या. नायलॉनच्या साडीनं चुलीपुढे बसू नका, सुती नेसा. लहान मुलांना चुलीपासून चार हात दूर ठेवा. या चुलीला धूर दिसत नाही म्हणून मुलं जवळ येतात, पण डब्याचा पत्रा भाजण्याइतका तापलेला असतो.

चालू असताना

मध्येच वरून ओंजळभर कांड्या टाकायची सवय लावू नका. वरचा जाळ दबतो आणि पांढरा दाट धूर सुटतो. जास्त वेळाचं काम असेल तर एक खेप संपू द्या, राख काढा आणि पुन्हा भरा. तुमच्या चुलीला कांड्या टाकायचं वेगळं तोंड असेल तर तिच्या पुस्तिकेप्रमाणे करा.

वीज गेली किंवा बॅटरी उतरली आणि पंखा थांबला, की जाळ मरतो आणि तोच पांढरा धूर येतो. तो नुसता धूर नाही, पेट घेणारा वायू आहे. अशा वेळी वाकून आत पाहू नका, काडी लावू नका. पंख्याचं बटण बंद करा, भांडं उतरवा, दारं उघडा, सगळ्यांना बाहेर काढा. धूर ओसरल्यावर आणि चूल निवल्यावर रिकामी करून नव्यानं पेटवा. पेटलेली चूल उचलून बाहेर नेऊ नका. उचलताना ती कलंडली तर सगळे निखारे पायावर येतात. म्हणून बॅटरी संध्याकाळी भरून ठेवा, आणि वायर चुलीपासून दूर, उंदरांपासून जपून ठेवा.

बऱ्याच बायांची तक्रार असते, की हिच्यावर भाकरी फुगत नाही. तवा काढून जाळावर लोखंडी जाळी ठेवा, पंखा कमी करा आणि भाकरी जाळीवर शेका. दोन-चार दिवसांत हात बसतो.

विझवताना

आता सगळ्यात महत्त्वाचं. पिवळा जाळ गेला, लहान निळसर ज्योती राहिल्या आणि आत नुसते लाल निखारे दिसू लागले, की आपल्याला वाटतं काम संपलं. वायूच्या दृष्टीनं काम इथं सुरू होतं. विषारी वायू याच वेळी जास्त निघतो. म्हणून पंखा लगेच बंद करू नका. दार उघडं ठेवून निखारे जळून राख होईपर्यंत तो चालू ठेवा. घाई असेल तर चिमट्यानं आणि पत्र्याच्या पळीनं निखारे झाकणाच्या लोखंडी डब्यात काढा आणि तो डबा अंगणात ठेवा. घरात नाही, पडवीत नाही, अंगणात.

निखारे असलेली चूल, शेगडी किंवा घमेलं घेऊन बंद खोलीत झोपायचं नाही. बाळंतिणीच्या खोलीतसुद्धा नाही. आपल्याकडे बाळंतिणीला शेक द्यायची जुनी पद्धत आहे. शेक द्या, पण दार उघडं ठेवा आणि शेक झाला की निखारे बाहेर काढा. थंडीसाठी एक वाकळ जास्त घ्या, निखाऱ्याची ऊब नको.

राख पत्र्याच्या बादलीत काढा, प्लॅस्टिकच्या नाही. राखेत विस्तव दिवसभर जिवंत राहू शकतो. गरम राख उकिरड्यावर टाकून गंजीला आग लागल्याचं मी पाहिलं आहे. पुरती थंड झाल्यावर ती परसबागेत पसरा. राखेत पालाश आणि चुना असतो. चुनखडीच्या रानात मात्र ती घालू नका.

झाडलोट

रोज जाळी झाडा. शेतमालाच्या कांड्यांत माती आली तर वीटभट्टीतल्यासारखा खंगर धरतो आणि जाळीची भोकं बुजतात. तो लाकडी काडीनं सोडवा. आठवड्याला वरची भोकं साफ करा. पंख्यावर पाणी घालू नका, कोरड्या फडक्यानं पुसा. नळी महिन्यातून एकदा झाडा. लांब काठीला पोत्याचं बोचकं बांधून वरून खाली घासा आणि तळाच्या झाकणातून काजळी काढा. काजळी साठली तर ती नळीतच पेट घेते आणि छपराला आग लागते. दिवस ठरवा : आमच्या त्या कारभाऱ्यानं दर अमावस्या धरली आहे.

काही झालंच तर

चुलीशी बसलेल्याचं डोकं दुखायला लागलं, गरगरलं, मळमळलं, झोप यायला लागली, आणि त्याच घरातल्या दोघातिघांना एकदम तसं झालं, तर ते पित्त नव्हे, वायू आहे. आधी सगळ्यांना उघड्यावर आणा. लिंबूपाणी करत बसू नका. दार उघडा, चुलीकडे नंतर बघा. १०८ वर फोन करा आणि घरात निखारे होते हे डॉक्टरांना सांगा. ते न सांगितल्यामुळे उपचाराला उशीर होतो.

भाजलं तर भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. हळद, शाई, टूथपेस्ट, तेल काही लावू नका. फोड फोडू नका. स्वच्छ सुती कापड झाकून दवाखान्यात न्या. कपड्यांनी पेट घेतला तर पळू नका. जमिनीवर लोळा, किंवा दुसऱ्यानं घोंगडी लपेटावी.

शेवटी

त्या वस्तीवर मी नंतर गवंड्याला घेऊन गेलो. कौलं उतरवली, नळी आढ्याच्या वर तीन फूट नेली, भिंतीत जाळीचा झरोका पाडला. काम दीड दिवसाचं. ते पहिल्याच दिवशी करता आलं असतं. चूल आजही चालू आहे. गेल्या हिवाळ्यात गेलो तेव्हा आजी ओसरीवर वाकळ घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘‘साहेब, आता रात्री निखाऱ्यांचा डबा अंगणात ठेवल्याबिगर मला झोप लागत नाही.’’ नातू शाळेत जातो. डबा बाहेर नेऊन ठेवायचं काम त्याच्याकडे आहे.

तेव्हा चूल घ्या, पण तिच्याबरोबर या दोन वाटा घ्या : हवा येण्याची आणि वायू जाण्याची. दोन्हींतली एकही बुजवू नका. आणि काही शंका असली तर पंचायत समितीत मला किंवा माझ्या सहकाऱ्यांना विचारा. कौलं उतरवायला आम्ही स्वतः येऊ.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावण्यासाठी

१. नळीचं टोक आढ्याच्या दोन-तीन फूट वर.
२. झरोका कायम उघडा. पोतं कोंबू नये.
३. लाकूड, कूड, कपडे, कांड्यांची पोती चुलीपासून तीन फूट दूर. नळीपासून लाकूड दीड फूट दूर.
४. कांड्या भोकांच्या दोन बोटं खाली. पेटवायला रॉकेल-पेट्रोल नाही.
५. पंखा थांबून पांढरा धूर आला तर काडी लावू नये. दारं उघडून बाहेर पडावं.
६. निखारे झाकणाच्या डब्यात, डबा अंगणात. निखाऱ्याजवळ झोपू नये.
७. नळी महिन्यातून एकदा झाडावी.
८. डोकं गरगरलं तर आधी उघड्यावर, मग १०८.